विजेट टूलकिट आणि ग्राफिक्स स्तर : एकजीव की स्वतंत्र?

फोंडा किंवा मडगाव येथील एखाद्या पतसंस्थेसाठी मराठी-कोंकणी संगणकप्रणाली लिहायला घेणाऱ्या लहान गटाला एक निर्णय आरंभीच घ्यावा लागतो: बटणे आणि याद्या सांभाळणारा विजेट टूलकिट पडद्यावर प्रत्यक्ष चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स स्तराशी थेट बांधलेला असावा, की त्यापासून वेगळा?

थेट बांधणीत कोड थोडा लागतो आणि काम लवकर उभे राहते; मात्र खालचा स्तर बदलला की प्रत्येक विजेट पुन्हा लिहावे लागते. ॲपलने २०१८ मध्ये मॅकओएसवर ओपनजीएल हा ग्राफिक्स स्तर कालबाह्य ठरवला, तेव्हा त्याच्यावर थेट विसंबलेल्या प्रणालींपुढे हाच प्रश्न उभा राहिला. याउलट डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या क्यूटी ६ या टूलकिटमधील क्यूटी क्विक हा भाग व्हल्कन, मेटल, डायरेक्ट३डी किंवा ओपनजीएल यांपैकी कोणत्याही ग्राफिक्स स्तरावर चालतो आणि वरच्या कोडला त्याची दखल घ्यावी लागत नाही.

तरीही नुसती फारकत पुरेशी नाही. सीमा कुठे आखली आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जीटीके ३ या टूलकिटमध्ये विजेट कैरो या रेखाटनाच्या लायब्ररीच्या साहाय्याने स्वतःच रेखाटन करीत असे, तर जीटीके ४ मध्ये ते रेखाटनाचे वर्णन खालच्या स्तराकडे सोपवते. त्यामुळे स्वतःची विजेट लिहिलेल्यांना रेखाटनाचा कोड बदलावा लागला. डिअर इमगुई हे टूलकिट तर केवळ त्रिकोणांच्या याद्या खाली पाठवते, म्हणून ते जवळजवळ कोणत्याही ग्राफिक्स स्तरावर बसते. पण अक्षरजुळणीची, म्हणजे वेलांटी, जोडाक्षर, रफार योग्य रूपात आणि जागी बसवण्याची, जबाबदारी ते घेत नाही, आणि आपल्या लिपीसाठी हा दोष निर्णायक आहे: ‘डिचोली’तील पहिली वेलांटी ‘ड’नंतर उमटते, ‘म्हापसा’तील जोडाक्षर फुटते, ‘कुर्टी’तील रफार वर चढत नाही. क्यूटी आणि जीटीके हे काम हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडून करून घेतात.

डब्ल्यूएक्सविजेट्स हे टूलकिट हा तिसरा मार्ग. ते विंडोजवर विंडोजचीच नियंत्रणे वापरते, त्यामुळे अक्षरजुळणी आयती मिळते. मात्र प्रत्येक यंत्रणेवर रूप वेगळे दिसते.

पतसंस्थेच्या कामासाठी मी क्यूटी किंवा जीटीके निवडेन आणि आलेख काढतानाही ओपनजीएलला थेट हाक मारणार नाही. निवड पक्की करण्यापूर्वी वरील तीन गावांची नावे मजकूरपेटीत लिहून पाहावीत, त्यांवरून कर्सर फिरवावा आणि एकेक अक्षर खोडून पाहावे.