काळ्या कुत्र्याचं तैलचित्र: भिंतीवर वर्ष होत आल्यावर

आमचा बंड्या गावठी, काळाकुळकुळीत, आता तोंडाशी पांढरा झालेला. बाबा त्याला बंडोपंत म्हणतात. तो धडधाकट आहे तोवरच चित्र करून घ्यायचं, हे आईचं म्हणणं. गेल्यावर फोटो शोधत बसायला तिला नको होतं. चित्र लागल्यापासून येणारा-जाणारा "कसं वाटलं?" विचारतो आणि मी "थांबा जरा" म्हणत आले. कारण तैलचित्र घरी येतं तेव्हा ते पुरतं झालेलं नसतं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती कुरकुर.

आधी एक इशारा. माझ्या बहिणीनं तिच्या मांजराचं 'हाताने रंगवलेलं' चित्र ऑनलाइन मागवलं होतं. आलं ते कॅनव्हासवरचं प्रिंट, वरून पारदर्शक जेल फासलेली. ओळखायची युक्ती सोपी आहे: बाजूनं टॉर्च मारा. खऱ्या चित्रात ब्रशचे फराटे केसांच्या दिशेनं जातात, तिथे ते आडवेतिडवे, चित्राशी काही संबंध नसलेले होते. भिंग धरलं तर छपाईचे ठिपकेही दिसले. पैसे परत मिळायला नाकीनऊ आले.

म्हणून आम्ही गावातच शोधलं. बडोद्यात चित्रकारांना तोटा नाही. इथली फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आहे, ओळखीपाळखीत तिथून शिकलेलं कुणी ना कुणी निघतंच. आम्हाला मिळालेल्या ताईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "काम फोटोवरून करीन, पण एकदा कुत्रा बघितल्याशिवाय नाही." दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन त्या झोपाळ्यावर बसल्या. बंड्यानं त्यांची टर्पेंटाइनच्या वासाची पिशवी हुंगली, शिंकला आणि लांब जाऊन बसला. त्या नुसत्या बघत होत्या, मधूनच पेन्सिल चालवत होत्या. निघताना म्हणाल्या, "डावा कान तो आवाज ऐकला की तेवढाच दुमडतो, नाहीतर सरळ असतो." इतकी वर्षं आमच्या घरात आहे तो, आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. चित्रातला कान दुमडलेलाच आहे, त्यामुळे तो कुणाचं तरी ऐकत बसलाय असं वाटतं. सगळे पैसे त्या कानात वसूल झाले, असं माझं मत.

फोटोंबद्दल त्यांची ताकीद कडक होती. फ्लॅश नको: कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवट चमकतात आणि खरा रंग हरवतो. मोबाइल नाकाशी धरू नका, नाक भोपळ्याएवढं येतं. मागे सरका आणि झूम करा. उभ्यानं काढू नका, जमिनीवर बसा. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात. बाबांनी गुडघे दुखत असताना ते इमानेइतबारे केलं.

आकार १८ बाय २४ इंच, किंमत १६ हजार, निम्मे आगाऊ, फ्रेमचे वेगळे. अर्धवट चित्र दाखवायला त्यांनी आम्हाला बोलावलं तेव्हा बाबा चपापले. "ताई, आमचा कुत्रा काळा आहे, हा निळा दिसतोय."

"काका, उद्या त्याला उन्हात नीट बघा."

बघितलं. पाठीवर तांबूस, पोटाकडे निळसर, निव्वळ काळा कुठेच नाही. ताई ट्यूबमधला काळा जवळजवळ वापरतच नाहीत. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग मिसळून गडद रंग करतात, निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार. पटत नसेल तर राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात जाऊन रविवर्म्याची चित्रं बघून या, गडद भागात किती रंग असतात ते कळेल, असं वर सुनावलं. आम्ही गेलो. बाबा तिथे पौराणिक कथांत रमले आणि गडद भाग मला एकटीलाच बघावे लागले, ते असो.

आता घरी आल्यानंतरचं. दोनेक महिन्यांत पाठीचा काळा भाग जागोजागी निस्तेज झाला. शेजारी चकचकीत, मध्ये मळकट डाग. मला वाटलं रंग हलका वापरलाय. ताई म्हणाल्या, खालचा थर तेल शोषून घेतो, गडद रंगात ते जास्त दिसतं, व्हार्निश केलं की जाईल. पण व्हार्निश लगेच नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याला महिनोन् महिने लागतात. ठीक, थांबलो.

मग पावसाळा. त्या भिंतीला ओल आली म्हणून आईनं चित्र जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं. नवरात्रात काढलं तर बंड्याचं पांढरं तोंड हळद लावल्यासारखं पिवळं! कॅनव्हासही ढिला पडलेला. आई तर भांडायच्याच तयारीत होती. ताई फोनवर शांत होत्या. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात पुष्कळसं निवळतं; थेट ऊन नको, पण उजेडाच्या खोलीत टांगा. दिवाळीपर्यंत तोंड बरंचसं पांढरं झालं होतं. पांढऱ्या रंगात करडईचं तेल असेल तर पिवळेपणा कमी येतो असंही त्यांनी सांगितलं. हे आधी माहीत असतं तर मी तसा आग्रह धरला असता. ढिलेपणासाठी त्या घरी येऊन गेल्या, चौकटीच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्या आणि कॅनव्हास ताणला.

खरी तक्रार फ्रेमवाल्याची. सांगूनही त्यानं काच चिकटवून बसवली होती. तैलचित्राला काच लागत नाही, आणि रंगाला टेकलेली तर मुळीच नको. ती काढून घेतली. आता खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावलेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते.

गेल्या महिन्यात व्हार्निश झालं. पाठीवरचे डाग गेले, निळा-तांबूस फरक पहिल्यांदा स्पष्ट दिसला. चित्र आता दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीवर आहे, खिडकीच्या समोर नाही. पुढचे पंजे मला अजूनही थोडे लाकडी वाटतात. ते फोटोत नीट आले नव्हते आणि बसून बघण्याच्या वेळी बंड्यानं ते पोटाखाली दडवले होते.

तुमचा प्राणी काळा असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी त्या चित्रकारानं केलेलं एखाद्या काळ्या जनावराचं चित्र प्रत्यक्ष बघा, मोबाइलवर नाही. आणि व्हार्निश किमतीत धरलंय का ते आधीच विचारा. आमचं धरलेलं होतं.