बोर्ड गेम अरेना: दीड वर्ष वापरल्यावर, भुसावळहून

आमच्याकडे आखाजीला पत्ते निघायचेच. पोरी झोक्यावर, माणसं ओट्यावर डाव मांडून, आणि मी अन् ताई मधल्या खोलीत आमचा वेगळा डाव. ताई नोकरीला जर्मनीत डॉर्टमुंडला गेली आणि ते सगळं थांबलं. फोनवर जेवलीस का, थंडी किती आहे, यापुढे बोलणंच जाईना. रविवारी तिकडे दुकानंसुद्धा बंद असतात, ही दिवसभर एकटी रूमवर, मला फार वाईट वाटायचं. शेवटी मी तिला बोर्ड गेम अरेना या ऑनलाइन बोर्ड गेम खेळायच्या साईटवर अकाउंट काढायला लावलं.

ही साईट मूळ फ्रान्सची, २०१० ला सुरू झालेली, २०२१ पासून अॅस्मोडी या मोठ्या गेम कंपनीकडे आहे. डाउनलोड काही करायचं नाही, ब्राउझरमध्येच चालते. चुकीची चाल साईट टाकूच देत नाही आणि पॉइंट पण तीच मोजते, त्यामुळे नवीन माणूस घाबरत नाही. फुकट अकाउंटवर भरपूर खेळता येतं, काही गेमचं टेबल उघडायला प्रीमियम लागतं पण ते टेबलावर एकाकडे असलं तरी बाकीचे फुकट बसू शकतात.

मला सगळ्यात आवडलं ते टर्न-बेस्ड. म्हणजे एकदा चाल टाकली की आपण आपल्या कामाला, समोरचा दिवसभरात केव्हाही त्याची टाकेल. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन, म्हणजे माझं रात्रीचं जेवण होतं तेव्हा ताई अजून ऑफिसात असते, लाइव्ह खेळायचं तर मला अकरापर्यंत जागावं लागतं आणि त्यात मे महिन्यात लाईट गेली की डाव तिथंच राहिला. टर्न-बेस्डला हे काही आडवं येत नाही.

आम्ही कार्कासोन खेळतो. ७२ टाइल्स, एकेक उचलून जोडायची, रस्ते, शहरं, मठ तयार होतात आणि त्यावर आपला मीपल, म्हणजे माणसाच्या आकाराची सोंगटी, ठेवायचा. शेतात आडवा टाकलेला मीपल डाव संपेस्तोवर परत मिळत नाही, हे कळायला मला चार डाव लागले. दोघांत मजा येईना म्हणून टेबल ओपन ठेवलं, तर बेल्जियममधल्या गेंटच्या एक शाळेतल्या बाई आणि फ्रान्समधल्या ल्योंचे एक रिटायर्ड काका येऊन बसले. आधी चॅटमध्ये नुसतं हॅलो आणि गुड लक. मग एक डाव संपला की लगेच दुसरा, तेच चौघं, एका डावाला दोन-दोन आठवडे, आणि तेवढ्या दिवसांत माणूस आपोआप बोलायला लागतो. काकांनी ताईला विचारलं, ऑक्टोबरमध्ये एसेनला येणार का?

एसेन म्हणजे तिकडच्या एसेन शहरातली बोर्ड गेमची जत्राच, १९८३ पासून दरवर्षी भरते, चार दिवस असते, २०२४ ला २ लाखांवर लोक आले होते. डॉर्टमुंडहून ट्रेनने अर्धा तास आणि ताईला ती आहे हेच माहीत नव्हतं! तिथं हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, शेजारी कोण, कुठल्या देशाचा, काही फरक पडत नाही, नियम समजावणारा माणूस उभा असतो. तिघं तिथं पहिल्यांदा समोरासमोर भेटले. ताईने व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा केला, माझी टाइल काका उचलून दाखवायचे, मी इकडून जागा सांगायचो. संध्याकाळी त्या दोघांना तिने रूमवर नेऊन शेवभाजी केली, काळा मसाला आईने पाठवलेला होताच. काकांनी दोनदा घेतली.

आता त्या बाई दर दोन-तीन महिन्यांनी डॉर्टमुंडला येतात नाहीतर ताई गेंटला जाते.

ज्यांचं कुणी तिकडे नवीन गेलंय त्यांना माझं सांगणं आहे, अनोळखी टेबलावर डाव अर्धवट टाकून जाणारे पण भेटतात, आम्हाला तिघं भेटले, त्यावरून लगेच सोडू नका. एक दिवसाची चाल ठेवा, इंग्रजी मोडकं असलं तरी चॅटमध्ये लिहा, आणि पहिली भेट जत्रेत नाहीतर गेम कॅफेत, चार लोकांत ठेवा. आईसुद्धा आता टाइल्स लावायला शिकतेय, यंदाच्या आखाजीला पाच जणांचं टेबल आहे आमचं.