आरसे नीट लावायचे की कॅमेरा बसवायचा?

जुनी गाडी दारात आली की पहिला सल्ला हाच मिळतो: आधी कॅमेरा-सेन्सर बसवून घ्या. १ जुलै २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना मागचे सेन्सर (मागे अडथळा असला की वाजणारे) कंपनीकडूनच येतात, म्हणजे हा पेच मुख्यतः त्याआधीची गाडी घेणाऱ्यांचा. सेन्सर आहेत पण स्क्रीन नाही, अशांचाही.

मागचा कॅमेरा रिव्हर्स गिअर पडला की जागा होतो. दिवसाकाठी ही वेळ किती? दोन-चार मिनिटं. बाकी वेळ गाडी पुढेच जात असते, आणि आपल्याकडे धोका डावीकडून येतो. बेळगावात खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत डाव्या बाजूला हातभर जागा सुटली तरी तिथे दुचाकी शिरते. काही महागड्या मॉडेलांत इंडिकेटर दिला की त्या बाजूचं चित्र पडद्यावर येतं, ते खरोखर कामाचं आहे. पण बाजारातून आणून बसवलेल्या साध्या कॅमेऱ्याकडून ही अपेक्षा नको.

आरशांबद्दलची निम्मी तक्रार ते चुकीचे लावल्याची असते. बहुतेकांच्या आरशाचा तिसरा हिस्सा स्वतःच्याच दारानं भरलेला दिसतो. सीट आधी नीट करून घ्या. मग डोकं उजव्या काचेला टेकवा आणि गाडीची मागची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर फिरवा. डाव्यासाठी दोन्ही सीटांच्या मधोमध झुका आणि तसंच करा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसणार नाही. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. निपाणीच्या बाजूला हायवेवर एखादा ट्रक उजवीकडून पुढे जाऊ द्या, म्हणजे खात्री पटेल. आतल्या आरशातून तो निसटण्याआधी त्याचं तोंड उजव्या आरशात यायला हवं, आणि तिथून निसटण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्ये कुठे गायब झाला तर आरसा अजून थोडा बाहेर.

बाहेरचा आरसा बहुधा फुगीर असतो, त्यामुळे वाहन आहे त्यापेक्षा लांब भासतं. अंतराचा अंदाज आतल्या सपाट आरशावरून घ्यावा. डाव्या आरशाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात दोन इंची गोल आरसा चिकटवला की मागचं चाक आणि गटाराची कड दिसते. काच स्पिरिटनं पुसून कोरडी करा, मगच चिकटवा आणि एक दिवस पाणी लागू देऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसात तो रस्त्यावर.

गटाराचा उल्लेख मुद्दाम केला. सेन्सर आवाजाच्या परतीवर चालतो. खड्ड्यातून काही परत येत नाही, म्हणून उघडं गटार त्याच्या लेखी नाहीच. बारीक खांब, ताणलेली तार यांचंही तेच. उद्यमबागेत सळ्या बाहेर काढून उभा असलेला टेंपो, किंवा गळीत हंगामात ऊस बाहेर लोंबणारी ट्रॉली मागे असेल तर अजून पंचाईत. बंपरवरचा सेन्सर खालच्या एक्सेलचं अंतर मोजत बसतो आणि वर आपल्या मागच्या काचेला सळई टेकते. तरी भिंत, दुसरी गाडी, कठडा यांसाठी सेन्सर चोख, आणि स्वस्तही. जमिनीपासून साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर बसवावा. खाली बसवला की रस्त्यालाच बघून ओरडतो. काही सेन्सरवर वरची बाजू दाखवणारी खूण असते, घाईत ती उलटी बसते आणि मग दोष सेन्सरला.

आता कॅमेरा. चित्र छान, पोराटोरांना आवडतं, आणि गाडीच्या अगदी मागे बसलेलं कुत्रं किंवा लहान मूल फक्त तोच दाखवतो. ही बाजू हलकी नाही, कबूल. पण जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात गाडी असेल तर एका गोष्टीनं जीव मेटाकुटीला येतो: भिंग. हॅचबॅकची पाठ उभी असते, चालताना तिच्यामागे हवा घुमते आणि चाकांनी उडवलेला तांबडा चिखल ओढून नंबरप्लेटच्या वर, म्हणजे नेमका भिंगावर बसवते. कणकुंबीला पोहोचून रिव्हर्स टाकला की पडद्यावर तांबडं धुकं. भर पावसात उतरा, पुसा, परत बसा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आरशावर पाणी साचलं तर काच खाली करून बोटानं पुसता येतं, उतरावं लागत नाही. (जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात, निपाणी जवळ असल्यावर तंबाखूला काय तोटा!)

चाळिशी लागलेल्यांसाठी आणखी एक. पडदा हातभर अंतरावर असतो, लांबचं बघणाऱ्या डोळ्याला तो पुसट दिसतो. आतल्या सपाट आरशातलं दृश्य तितकंच लांबचं असल्यानं नजर बदलावी लागत नाही. शिवाय मान थोडी पुढे केली की आरसा जास्त दाखवतो. कॅमेऱ्यापुढे मान हलवून काही उपयोग नाही.

तरी कॅमेरा घ्यायचाच असेल तर वायर डिकीच्या रबरी नळीतून नेली आहे ना, ते स्वतः बघा. बाहेरून आणलेली वायर डिकी उघड-झाकीत दाबली जाते, तुटते आणि चित्र मधूनच जातं. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांवर लगेच विश्वास नको. अंगणात बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर खडूनं रेघा मारा आणि त्या पडद्यावर कुठे येतात ते पाहून ठेवा. रुंद भिंगामुळे सगळं लांब वाटतं.

पैसे मोजकेच असतील तर माझ्या मते आधी आरसे. डाव्याची काच डागाळली असेल तर ती बदला, गोल आरसा लावा, मग सेन्सर आणि उरले तर कॅमेरा. शहरातच फिरणाऱ्याला, त्यातून घरात लहान मुलं असतील तर, क्रम उलटा वाटला तरी माझी हरकत नाही. अगदी अवघड जागी मात्र मागे माणूस उभा करावा. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणो की कन्नडमधून ‘बरली, बरली’, त्यानं आपल्या उजव्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की ब्रेक.