कॉकलिअर प्रोसेसर, दहा महिने आणि गोव्यातला एक पावसाळा: सगळा जीव वायरीत

मॉडेल कुठलं, चॅनेल किती, ब्लूटूथ आहे का, हे सगळं माहितीपत्रकात आहे, त्यामुळे इथे पुन्हा लिहीत नाही. कॉकलिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांसाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र, आणि त्याला बाहेरून आवाज पुरवतो तो हा प्रोसेसर. कानामागचा प्रोसेसर, त्यातून निघणारी वायर आणि डोक्यावर चुंबकानं चिकटणारी कॉईल अशी ही नेहमीची रचना. दिचोलीत शाळकरी मुलीचा वापर, दिवसाला बारा-तेरा तास. जुलैत आवाज बंद पडला, प्रोसेसर दुरुस्तीला गेला आणि बारा दिवसांनी "आत ओलावा, वॉरंटीत बसत नाही" असा शेरा घेऊन परत आला. दोष प्रोसेसरात नव्हताच. कॉईलची वायर प्लगच्या मानेशी आतून तुटली होती. ती बदलल्यावर त्याच प्रोसेसरनं त्याच मिनिटाला आवाज दिला. म्हणून या अनुभवात वायरीबद्दलच जास्त लिहिलंय.

शस्त्रक्रियेनं आत बसवलेल्या भागाला बॅटरी नसते. वीज आणि ध्वनीची माहिती दोन्ही कॉईलमधूनच, रेडिओ लहरींनी, कातडीपलीकडे जातात. म्हणजे वायर तुटली की आवाज कमी होत नाही, आतला सगळा भागच निर्जीव होतो. आतल्या भागाला साधारण दहा वर्षांची हमी असते, प्रोसेसरला काही वर्षांची. वायर मात्र झिजणारी वस्तू म्हणून काही महिन्यांतच हमीबाहेर जाते. आतली कारागिरी पाहिली की याचा जास्तच राग येतो. मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क 1977 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर एका शंखात गवताची पात घालून पाहत होते. टोकाशी लवचिक आणि बुडाकडे हळूहळू ताठ होत जाणारी पात शंखाच्या वळणांतून न अडकता आत जाते, हे त्यांना तिथे दिसलं. कानातल्या अडीच वळणांच्या शंखात इलेक्ट्रोड, म्हणजे ऐकण्याच्या नसेला वीज देणारी तार, कसा सरकवायचा, हा प्रश्न त्यातून सुटला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपलं पहिलं बहुचॅनेल (अनेक इलेक्ट्रोडचं) इम्प्लांट बसवलं. टोकाकडून बुडाकडे ताठरपणा वाढवत नेण्याची हीच युक्ती बाहेरच्या वायरीच्या मानेला मात्र पुरेशी लावलेली नाही. तिथे मऊ वायर एकदम कडक प्लगला मिळते आणि नेमकी तिथेच मोडते.

तुटण्याची कारणं दहा महिन्यांत चांगलीच कळली. कॉईल काढताना वायर धरून ओढणं हे पहिलं, कॉईलची कड धरूनच काढायची. रात्री वायर प्रोसेसरभोवती घट्ट गुंडाळून डब्यात ठेवणं हे दुसरं. तिसरं हेल्मेट: घालताना अस्तर कॉईलला घासतं आणि झटका बसतो वायरीच्या मानेला. दुचाकीवरून शाळेत जायचं असेल तर आधी कॉईल काढून खिशात, मग हेल्मेट. चौथं, लांबी चुकीची. वायर वेगवेगळ्या लांबीत मिळते. मान वळवल्यावर वायर ताणली जात असेल तर एक माप मोठी मागावी. घाम आणि खारी हवा प्लगच्या पिनांवर हिरवट थर आणतात, तो वेगळाच त्रास. आठवड्यातून एकदा प्लग काढून कोरड्या सुती कापडानं पुसायचा. पाणी नाही, स्पिरिट नाही.

दोष कुठे आहे हे घरी ओळखायला सहा आवाजांची चाचणी पुरते: म, ऊ, आ, ई, श, स. तोंड कागदानं झाकून, आधी हातभर अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणायचे. मूल ऐकून तसाच आवाज काढतं. फक्त स आणि श हरवले तर माईकचं कव्हर धुळीनं किंवा ओलाव्यानं बुजलंय. ते दर तीन महिन्यांनी बदलायचंच असतं, पावसाळ्यात त्याहून लवकर. सहाही एकदम गेले, किंवा मान हलवली की येतात-जातात, तर संशय वायरीवर. कॉईल डोक्यावर असू द्यायची, "आ" लांबवत राहायचा आणि दोन बोटांनी वायर आधी प्लगशी, मग कॉईलशी हळूच वाकवायची. वाकवताना आवाज तुटला की दुसरी तपासणी करायची गरज नाही.

ऐकून तपासायला पालकांना जो इअरफोन मिळतो, तो माईकपासून प्रोसेसरपर्यंतचाच आवाज दाखवतो. वायर आणि कॉईल त्याच्या पलीकडे राहतात. इअरफोनमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि मुलीला काहीच ऐकू येत नाही, ही स्थिती म्हणजे वायर गेल्याची जवळजवळ खूणच. फोनवरून मदत करणाऱ्या सेवा केंद्रानं हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. त्याऐवजी "प्रोसेसर पाठवा" हेच तिन्ही वेळा ऐकायला मिळालं. पाठवावाच लागला तर बदली प्रोसेसर मागा आणि त्यात तिचंच मॅपिंग भरलंय का ते आधी विचारा. दुसऱ्याचं मॅपिंग घालून चालत नाही. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा, हे त्या त्या कानाप्रमाणे ठरवलेलं असतं.

आता बॅटरी, आणि इथे मत बदललंय. पहिले दोन-तीन महिने वाटलं, चार्जिंगवाली बॅटरी म्हणजे पैसे वाचले, 675 नंबरचे झिंक-एअर सेल कशाला विकत घ्यायचे? जूनपासून वाळपई-दिचोलीकडे लाईट जायला लागली आणि रात्रभरात चार्जिंग पुरं होईना, तेव्हा सेल पुन्हा डब्यातून बाहेर निघाले. पण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतात, आणि गोव्याच्या जुलैतली हवा ओली. सेल हवेबरोबर ओलावाही शोषतात आणि फुगून दमतात. एप्रिलमध्ये तीन दिवस जाणारी जोडी जुलैत दोन दिवसांवर आली. म्हणून सध्याची पद्धत अशी: रोज चार्जिंगची, दप्तरात एक जोडी झिंक-एअर. सेल घेताना पाकिटावर इम्प्लांटसाठीचा उल्लेख बघा. श्रवणयंत्राचा साधा 675 आकारानं बसतो, पण एवढा प्रवाह देताना लवकर संपतो. वरची चिकटपट्टी काढल्यावर पाच मिनिटं उघडा ठेवा, मग घाला. एकदा काढलेली पट्टी परत लावून सेल वाचत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाष्प धरतं.

सांजांवाला, म्हणजे गोव्यातल्या जूनमधल्या सणाला, मुलं विहिरीत उड्या मारतात तेव्हा पाण्याचं प्लास्टिक कव्हर कामाचं वाटतं. त्यात झिंक-एअर घालू नका. कव्हर हवाबंद असतं, सेलला हवा मिळत नाही, थोड्या वेळात बंद पडतो. तिथे चार्जिंगचीच बॅटरी हवी. प्रोसेसरवरचा आयपी आकडा (धूळ-पाणी किती रोखतो ते सांगणारा) साध्या पाण्यात ठरावीक वेळ बुडवून दिलेला असतो. समुद्राचं खारं पाणी आणि रोजचा घाम त्यात धरलेला नसतो.

ओला झालाच तर बॅटरी काढा, झटका, पुसा आणि सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवा. केस वाळवायचं यंत्र नको, तांदळाचा डबा तर नकोच, कोंड्याची भुकटी माईकमध्ये शिरते. डबा खरंच घट्ट बंद होतो का ते पाहा. झाकण सैल असेल तर सिलिका खोलीभरची हवा सुकवत बसते आणि चार दिवसांत संपते. जुलै-ऑगस्टमध्ये सुटे मणी आठवड्याला भट्टीत साधारण 120 अंशांवर तास-दोन तास तापवावे लागले, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरलं. हा डबा नसता तर माईकसुद्धा गेला असता, हे मान्य.

चुंबकाबद्दल थोडक्यात: कॉईल सारखी पडते म्हणून जास्त जोराचा चुंबक लावू नका. रोज रात्री त्या जागेची कातडी बघा. लालसर दिसली किंवा दाबल्यावर दुखली तर जोर एक पायरी कमी करून घ्या.

वायरच नसलेले, अख्खे डोक्यावर चिकटणारे प्रोसेसरही मिळतात. 2013 मध्ये आलेला रोंडो हा त्यातला पहिला. मानेशी मोडायला काही नाही, हे खरं. पण सगळं वजन चुंबकावर येतं, पळताना पडतो, आणि हेल्मेटखाली तर बसतच नाही. शाळकरी मुलासाठी अजूनही कानामागचाच बरा वाटतो, वायरीसकट.

फक्त घेतानाच दोन जादा वायरी, तिच्या मापाच्या, बिलावर लिहून घ्या. नंतर मागवली की यायला दिवस लागतात, आणि ते दिवस मूल वर्गात काहीही न ऐकता बसतं. सध्या तिसरी वायर चालू आहे. बदलल्याची तारीख डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहिलेली आहे आणि चौथी त्याच डब्यात, न गुंडाळता, सैल वेटोळं करून ठेवलेली आहे.