सिडवर पॅकेजं अडकली: थांबायचं, ॲप्टिट्यूडला विचारायचं की मागे जायचं?

भाचीच्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे, त्यात प्रोग्राम पॅकेज म्हणून येतात आणि ती टाकायचं, काढायचं, अपग्रेड करायचं काम ॲप्ट करतं. परवा रात्री सुदामा नगरहून तिचा फोन, मामा, ॲप्ट म्हणतंय एवढी पॅकेजं काढून टाकतो, वाय दाबू का? म्हटलं आधी यादी वाचून दाखव. तिसऱ्याच नावाला लिबरऑफिस रायटर आलं आणि त्याच्या मागोमाग आख्खा प्लाझ्मा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू सगळंच! सोमवारी तिला प्रोजेक्ट द्यायचाय. एन दाब म्हटलं आणि रविवारी सकाळी पोहे-जिलेबी बांधून घेऊन तिच्याकडे जाऊन बसलो.

डेबियनची सतत बदलत राहणारी अनस्टेबल आवृत्ती म्हणजे सिड. यात एखाद्या लायब्ररीचं, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडचं, नाव बदललं किंवा नवं व्हर्जन जुन्याशी जुळेनासं झालं की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम परत बिल्ड व्हावे लागतात, आणि ते होईपर्यंत अर्धे नव्या लायब्ररीवर अन् अर्धे जुन्या, मग दोघं एकत्र नांदत नाहीत. २०२४ मध्ये २०३८ सालच्या तारखेच्या अडचणीसाठी (३२-बिट मशीनमधली तारीख तिथे संपते) कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावाला टी६४ जोडलं, लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं, तेव्हा बरेच आठवडे सिडवर हेच चालू होतं. तुमच्या मशीनमध्ये बिघाड असतोच असं नाही, तिकडचं काम अर्धवट झालेलं असतं एवढंच.

म्हणून माझा पहिला कौल थांबण्याला. साधं ॲप्ट अपग्रेड चालवा, ते इन्स्टॉल असलेलं काहीच काढत नाही, जमेल तेवढं पुढे नेतं आणि बाकीचं तसंच ठेवतं. काढून टाकायची परवानगी फुल-अपग्रेडला असते, आणि सिडवर ते यादी न वाचता चालवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आर्काइव्ह, म्हणजे डेबियनचं पॅकेजांचं भांडार, दिवसातून चार वेळा अपडेट होतं, लहानसहान गुंता एकदोन दिवसांत आपोआप सुटतो. पण महिनोन्महिने बसून राहणंही बरोबर नाही, कारण सिक्युरिटीचे फिक्ससुद्धा सिडमध्ये याच वाटेने येतात, स्टेबल या स्थिर आवृत्तीसारखी वेगळी सोय नाहीये.

थांबायला वेळ नसेल, किंवा नेमकं कोण आडवं येतंय ते समजून घ्यायचं असेल, तर ॲप्टिट्यूड, ॲप्टचंच काम करणारं दुसरं टूल. याची मला खरंच आवड आहे. ॲप्ट एकच तोडगा समोर ठेवतं, घ्या नाहीतर सोडा, आणि हे मात्र एकामागून एक पर्याय देतं, एन दाबलं की पुढचा. भाचीच्या लॅपटॉपवर पहिल्या पर्यायात डेस्कटॉप काढा, दुसऱ्यात रायटर काढा, आणि तिसऱ्यात काय, तर सहा पॅकेजं आहेत त्याच व्हर्जनवर ठेवा, बाकी सगळं अपग्रेड, काढायचं शून्य. हेच हवं होतं! शिवाय व्हाय-नॉट लिहून पॅकेजचं नाव दिलं की कुठल्या डिपेंडन्सीपायी, म्हणजे पॅकेजांच्या एकमेकांवरच्या कुठल्या अटीपायी, ते बसत नाहीये ते दाखवतं. मोठ्या बदलाच्या काळात मात्र ते बराच वेळ विचार करत बसतं आणि कधीकधी भलतंच काहीतरी सुचवतं, तेव्हा प्रत्येक पर्याय डोळ्याखालून घाला.

तिसरा रस्ता मागे जाण्याचा, स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्ग. तिथे अमुक तारखेला सिड कसं होतं ते जपून ठेवलंय, ती तारीख सोर्सेसमध्ये, म्हणजे ॲप्ट पॅकेजं कुठून घेतं त्या यादीत, घालायची, जुनी रिलीज फाइल (भांडाराची सूची) मुदत संपली म्हणून नाकारली जाते तर ती तपासणी बंद करायची आणि पिन प्रायॉरिटी, म्हणजे कुठल्या व्हर्जनला पसंती द्यायची तो आकडा, १००० किंवा त्याच्या वर ठेवायची, तेव्हा ॲप्ट जुन्या व्हर्जनवर उतरतं. नवीन व्हर्जन लागून गेल्यावर काही मोडलं असेल तर याचा उपयोग, पण डाउनग्रेडला डेबियनचा आधार नाही. एखादी लायब्ररी परत आणणं ठीक, डेटाबेस नको, नव्या व्हर्जनने डेटाची रचना बदललेली असली तर जुन्याला ती वाचता येत नाही. डेबियनवालेही मागे जाताना व्हर्जनचा आकडा उतरू देत नाहीत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या टूलमध्ये बॅकडोर, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, सापडलं तेव्हा जुना कोड त्यांनी ५.६.१+रियली५.४.५ अशा नावाने पुढेच ढकलला.

होल्ड लावणं, म्हणजे पॅकेज आहे त्याच व्हर्जनवर गोठवणं, सगळ्यांत सोपं आणि म्हणूनच जपून, कारण विसरलेला होल्ड दोन महिन्यांनी स्वतःच गाठ होऊन बसतो. आणि कुठलाही रस्ता घ्या, ॲप्ट-लिस्टबग्ज टाकून ठेवा, गंभीर बग नोंदलेला असेल तर इन्स्टॉलच्या आधीच सांगतं.

ज्यांना दर आठवड्याला काहीतरी सबमिट करायचंय त्यांनी मुळात स्टेबलवर, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सीवर राहावं असं माझं मत. भाचीला ते पटलेलं नाही, तिला नवीन प्लाझ्मा हवाच असतो. मग तिसरा पर्याय घेतला आणि तिच्या हातून चुकून काही होऊ नये म्हणून त्या सहा पॅकेजांना सोमवारपर्यंत होल्ड लावला. बुधवारी परत फोन, मामा, होल्ड काढून बघितलं, आज काढायच्या यादीत काहीच नाहीये, दाबते. म्हटलं दाब.