डीटी-८३०डी मल्टिमीटर : शाळेतल्या विद्युतधारेच्या प्रयोगांसाठी कसा आहे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत विद्युतधारा, विभवांतर (व्होल्ट) आणि रोध मोजणारा हा पिवळा मीटर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. काट्याच्या अमीटरपेक्षा शाळेला हाच घ्यावा. वाचन स्पष्ट, आणि २० मिलिअँपिअरच्या रेंजवर (म्हणजे २०पर्यंत मोजणाऱ्या टप्प्यावर) ०.०१ मिलिअँपिअरचा फरकही दिसतो.

मात्र रेंज चुकली की मुलांना ओहमचा नियमच चुकीचा वाटू लागतो. १.५ व्होल्टचा घट, १०० ओहमचा रोध आणि मीटर एकसर जोडा. नियमाच्या गणिताने (विभवांतर भागिले रोध) १५ मिलिअँपिअर यायला हवेत. २०च्या रेंजवर दिसतात १३.६ च्या आसपास. मीटर बिघडलेला नसतो. या रेंजला त्याचा स्वतःचा रोध सुमारे १० ओहम असतो, म्हणजे परिपथात ११० ओहम होतात. २००च्या रेंजवर तोच रोध सुमारे १ ओहम, म्हणून वाचन १४.८-१४.९ येतं. एक दशांश स्थळ गमावतं, पण उत्तर खऱ्याजवळ जातं. ही दोन्ही वाचनं वर्गात मुद्दाम घ्यायला लावा. धारा मोजणारं उपकरण धारेत बदल करतं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

इलेक्ट्रॉनचं गणितही इथेच करता येतं. १ कूलोम प्रभार म्हणजे ६.२४ गुणिले १०चा १८वा घात इतके इलेक्ट्रॉन. त्यामुळे १४.९ मिलिअँपिअरला तारेच्या छेदातून दर सेकंदाला सुमारे ९.३ गुणिले १०चा १६वा घात इतके इलेक्ट्रॉन जातात. वाचन धन असेल तेव्हा संकेतमान्य धारा (धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असं मानलेली) लाल तारेतून मीटरमध्ये शिरते, इलेक्ट्रॉन मात्र काळ्या तारेतून.

नेहमीची चूक म्हणजे मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर थेट घटाच्या दोन टोकांना लावणं. आतला काचेचा फ्यूज जाऊ शकतो. तो गेला की विभवांतर बरोबर दिसतं, धारा मात्र कायम शून्य. मागचे स्क्रू काढून त्याच मानांकनाचा फ्यूज बसवा, तार गुंडाळून काम भागवू नका. १० अँपिअरच्या सॉकेटला तर फ्यूजच नसतो, आणि तिथे १५ मिलिअँपिअरचं वाचन ०.०१ किंवा ०.०२ अँपिअर एवढंच येतं.

९ व्होल्टची बॅटरी उतरली की विभवांतर फुगून दिसतं. मीटर आपोआप बंद होत नाही, तेव्हा तास संपला की बटण ऑफवर फिरवा. सोबतच्या तारा पिनेजवळ तुटतात. जादा जोडी घेऊन ठेवा. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला मुलांनी हा मीटर लावू नये.