आयफोनचा मूळ फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये नेताना: मॅकवरचं 'फोटोज'

फोटोजमधून फोटो डेस्कटॉपवर ओढून टाकला की मूळ फाइल मिळाली, हा समज खोटा. एकदा क्रॉप किंवा फिल्टर केलेला फोटो असेल, तर हाती बदललेली प्रत येते. लाइटरूममध्ये (अ‍ॅडोबीचं एडिटिंग अ‍ॅप) काम करायचं असेल तर फोटो निवडून 'फाइल', 'एक्सपोर्ट' आणि मग 'एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल' हाच रस्ता. एचईआयसी (आयफोनच्या फोटोंचा नेहमीचा फॉरमॅट) फाइल एचईआयसीच राहते, प्रोरॉ (अ‍ॅपलचा रॉ, म्हणजे कमी प्रक्रिया केलेला फोटो) असेल तर डीएनजी ही रॉ फाइल मिळते. लाइव्ह फोटोच्या (क्षणभराची हालचालही टिपणाऱ्या फोटोच्या) मात्र दोन फाइली पडतात, चित्राची आणि व्हिडिओची .एमओव्ही, दुसरी बघून दचकू नका.

खरी कटकट आयक्लाउडची. 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर मॅकवर मूळ फाइल असेलच असं नाही, ती फक्त आयक्लाउडवर असेल तर आधी उतरवावी लागते. ४८ मेगापिक्सेलची एक प्रोरॉ फाइल सुमारे ७५ एमबीची, म्हणजे शंभर फोटोंना साडेसात जीबी! एक्सपोर्ट अडकल्यासारखं वाटलं तर आधी नेट तपासा.

केबल लावून मॅकवरच्याच 'इमेज कॅप्चर' अ‍ॅपने फोटो घेतलेत तर नावाकडे लक्ष द्या: 'आयएमजी_ई' अशी सुरुवात असेल ती एडिट केलेली प्रत, 'ई' नसलेली मूळ. सोबतच्या .एएई फाइलमध्ये फक्त बदलांची नोंद असते. लाइटरूमला तिचा उपयोग शून्य.

सोय चोख आहे, पण मेनूच्या पोटात इतकी दडवून ठेवायची गरज नव्हती.